हवा, हवामान आणि विज्ञानशिक्षकाची तयारी

‘हवा’ ह्या एका शब्दाने आपल्या शाळांत मोठा गोंधळ करून ठेवला आहे. भूगोलाच्या तासाला ‘हवा’ म्हणजे एखाद्या ठिकाणची, एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे त्या स्थितीची दीर्घकालीन सरासरी. जागतिक हवामान संघटना ही सरासरी साधारणतः ३० वर्षांची धरते. पुढच्याच तासाला विज्ञानाचे शिक्षक येतात; त्यांची ‘हवा’ म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन आदी वायूंचे मिश्रण. घरी बातम्यांत ‘हवामान खाते’ जे सांगते ते मात्र उद्याच्या पावसाविषयी असते, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘हवा’! मुलांनी कोणता अर्थ धरावा?

हा गुंता सोडवणे शिक्षकाचे काम. तथापि त्यासाठी त्याला कोणी तयार केले आहे काय? बालभारतीच्या २०१७च्या नववीच्या विज्ञानात पर्यावरण व्यवस्थापनाच्या पाठात हवामानशास्त्र आले. शिकवणारा बहुधा भौतिकशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा पदवीधर. बाष्पीभवन, हवेचा दाब, उष्णतेचे वहन ह्या गोष्टी त्याला उत्तम ठाऊक असतात. पण पर्जन्यमापक त्याने स्वतः कधी हाताळलेला नसतो. प्रशिक्षणे होत असतात. त्यांत व्याख्यान मिळते, उपकरण मिळत नाही, अशी आमची धारणा आहे.

वस्तुतः पालघरच्या किनाऱ्यासारखी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. सातपाटी, चिंचणी, तारापूर येथील मुलांना दिवसाचे खारे वारे आणि पहाटेचे मतलई वारे घरातूनच ठाऊक असतात. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जमिनीपेक्षा बरीच अधिक, म्हणून दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून थंड हवा आत येते, एवढे सांगितले की पुस्तकातले सूत्र आणि नाखव्याचा अनुभव एकमेकांना भेटतात. बांबूवर टांगलेले बोंबील कोणत्या वाऱ्यात लवकर वाळतात, हा आर्द्रतेचाच पाठ आहे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या शाळांना आणखी एक धडा डोळ्यांसमोर मिळतो. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते; तिच्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार राहते. ह्यास तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा सकाळी धूर वर न जाता खालीच पसरतो. ऊन चढले की तो विरू लागतो. कारखाने तेच, धूर तोच. मग सकाळी वास अधिक का, ह्याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधावे.

उपकरणांसाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तो भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवावा, तळाच्या खळग्यात खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरावे आणि पट्टी चिकटवावी. बाटली रुंद असली तर पाऊस जास्त भरेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. मोजायची ती उंची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटरचे असेल, तर १०० मिलिमीटर पावसात २०,००० लिटर पाणी पडते.

मात्र सर्वांत कठीण पाठ अंदाजाचा. घरी ‘मुसळधार’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. हवामान विभागाच्या लेखी २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ रोजीच्या पावसाची २४ तासांची नोंद सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर होती. त्याच मुंबईत कुलाब्याला अवघी ७३. जून २०२०मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ हरिहरेश्वर ते दमण ह्या पट्ट्यात, अलिबागनजीक किनारा ओलांडेल, असा अंदाज होता. ३ जूनला ते अलिबागजवळच आले. पालघर त्याच पट्ट्यात, पण थेट तडाख्यातून वाचले. ‘इशारा खोटा ठरला’ असे म्हणणारा पुढच्या वेळी होडी बाहेर काढतो. पुढची वेळ वर्षभरातच आली: मे २०२१चे ‘तौक्ते’. इशारे आधी काही दिवस जाहीर होत होते, तरीही त्या वादळात मुंबईनजीकच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून अनेक कामगार प्राणांस मुकले. पट्टा म्हणजे शक्यता, निश्चिती नव्हे, आणि तरीही ती गांभीर्याने घ्यायची असते, हे वर्गात समजावणे सोपे नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ ह्यावरच जावा.

परिसरातूनच शिकवण्याची परंपरा ह्या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी प्रथम बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर हेच केले. कुरणातली शाळा आणि साध्या वस्तूंची साधने त्यांनी रुजवली, शिक्षिकाही तेथेच घडवल्या. तोच मार्ग केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत धरता येईल. प्रत्येक शिक्षकाने तेथे बसून बाटली कापावी आणि जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान विभागाच्याच वेळेला, नोंद ठेवून ती डहाणूच्या वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहावी.

रविवारी शाळा बंद असते. सोमवारी बाटलीत दोन दिवसांचे पाणी असेल. ते निम्मे-निम्मे वाटून वहीत भरण्याचा मोह होईल. तसे न करता ‘दोन दिवसांचे एकत्र’ असेच लिहावे.