मोहफुलांचे किण्वन

मोहफुलांचे किण्वन ही मोहाच्या (मधुका लाँगिफोलिया) फुलांतील शर्करेचे यीस्टद्वारे इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होण्याची प्रक्रिया आहे. महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी व सातपुड्याच्या अन्य भागांत भिल आणि पावरा समाजांमध्ये या प्रक्रियेतून मोहाची दारू पारंपरिकरीत्या बनवली जाते. बिअरही किण्वनातूनच तयार होते. मात्र बिअर फेसाळते, मोहाची दारू फेसाळत नाही. किण्वनात निर्माण होणाऱ्या वायूचे पुढे काय होते, यावर हा फरक अवलंबून असतो.

कच्चा माल

मोहाची मांसल, फिकट पिवळसर फुले साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचून उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. बिअरसाठी आधी धान्यातील पिष्टाची शर्करा करावी लागते; मोहफुलांत ती तयारच असते. पाण्यात भिजवून काही दिवस ठेवलेल्या फुलांच्या आंबलेल्या मिश्रणास ‘सडवा’ म्हणतात.

वायूची निर्मिती

१८० ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धांतिकदृष्ट्या ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे जवळजवळ निम्मी शर्करा वायुरूप होते. २५° सेल्सिअस तापमानास या वायूचे आकारमान सुमारे ४९ लिटर भरते. सडव्याचे भांडे हवाबंद नसल्याने तो बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. उरलेला विरघळलेला वायू ऊर्ध्वपातनाच्या वेळी उष्णतेने बाहेर पडतो. इथेनॉल सुमारे ७८° सेल्सिअसला उकळत असल्याने त्याचे प्रमाण वाफेत वाढते. ही वाफ थंड करून दारू मिळते.

केगमधील बिअर

केग म्हणजे दाब सहन करणारे धातूचे पिंप. घरगुती बिअरनिर्मितीत सुमारे १९ लिटरचा केग प्रचलित आहे. किण्वन पूर्ण झाल्यावर त्यात मोजकी साखर घालून ते बंद करतात, किंवा सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. थंड द्रवात वायू अधिक विरघळतो. त्यामुळे सुमारे ४° सेल्सिअसला, वातावरणापेक्षा ०.८ बार अधिक दाबाखाली काही दिवस ठेवल्यास दर लिटरमध्ये साधारण ५ ग्रॅम वायू मुरतो. अपूर्ण किण्वन झालेला द्रव साध्या बंद भांड्यात ठेवल्यास दाब वाढून ते फुटू शकते.

कायदा व समाज

सातपुड्यातील अनेक विधींमध्ये देवतेस मोहाच्या दारूची धार अर्पण केली जाते. फुले अन्न म्हणूनही खाल्ली जातात आणि त्यांच्या विक्रीतून कुटुंबांना रोख उत्पन्न मिळते. तथापि, दारूचा कच्चा माल म्हणून १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने फुलांवरही नियंत्रण आणले. २०२१ मध्ये राज्य शासनाने फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. परवान्याविना दारू अथवा बिअर बनवणे मात्र महाराष्ट्रात गुन्हा आहे.