वीज कंपनीच्या मालकीची पवनऊर्जा : आयोवा राज्याचा अनुभव

पवनऊर्जेच्या विकासाचा विचार करताना वाऱ्याचा वेग, मनोऱ्याची उंची आणि पात्यांची लांबी यांची चर्चा सहसा अधिक होते. पवनचक्कीची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न मात्र दुय्यम मानला जातो. वास्तविक प्रकल्पाचे यश व त्याचा खर्च या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी या प्रश्नाशी निगडित आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात मिडअमेरिकन एनर्जी या वीज कंपनीने जमिनीवर उभारलेले पवनप्रकल्प या दृष्टीने अभ्यसनीय ठरतात. या कंपनीकडे वीजनिर्मिती, पारेषण आणि ठरवून दिलेल्या क्षेत्रातील वितरण अशी तिन्ही कामे आहेत. म्हणजे जी संस्था ग्राहकाला देयक पाठविते, तीच पवनचक्कीची मालक आहे.

आयोवाने १९८३ मध्येच कायदा करून राज्यातील दोन खाजगी वीज कंपन्यांवर मिळून १०५ मेगावॉट अपारंपरिक विजेचे बंधन घातले होते. परंतु खरा वेग आला तो २००१ च्या कायद्याने. वीज कंपनीने आधी प्रकल्प उभारावा आणि नंतर त्याचा खर्च दरात धरण्यासाठी नियामक मंडळाकडे जावे, अशी सर्वसाधारण पद्धत असते. मंडळाने खर्च अमान्य केला तर तोटा कंपनीचा. नव्या कायद्यामुळे भांडवलावरील परताव्याचा दर, घसाऱ्याचा कालावधी, खर्चाची मर्यादा इत्यादी बाबी बांधकामापूर्वीच निश्चित करून घेण्याची सोय झाली आणि हे निर्णय पुढील दरनिश्चितीत मंडळावर बंधनकारक राहिले. पवनप्रकल्पाला ही तरतूद विशेष मानवते. कोळशाच्या केंद्रात इंधनाचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. पवनचक्कीत मात्र बहुतेक सर्व खर्च पहिल्याच दिवशी होतो. सुरुवातीचा खर्च आणि परतावा ठरला, की पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या विजेची किंमत जवळजवळ ठरते.

दुसरा आधार केंद्रीय कराचा होता. १९९२ च्या कायद्यानुसार निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे पहिली दहा वर्षे करसवलत मिळू लागली. येथे महाराष्ट्राशी तुलना उद्बोधक ठरते. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या काळी गुंतवणूकदारांचे मोठे आकर्षण आयकरातील त्वरित घसाऱ्याचे होते. ही सवलत यंत्र उभारल्याबद्दल मिळते; ते किती फिरले याच्याशी तिचा संबंध नसतो. भारत सरकारने २००९ मध्ये प्रतियुनिट ५० पैसे निर्मिती-आधारित प्रोत्साहन सुरू केले, ते याच उणिवेवरचा उपाय म्हणून. अर्थात अमेरिकन सवलतही निर्दोष नव्हती. १९९९, २००१ आणि २००३ या वर्षांत तिची मुदत संपू दिली गेली आणि प्रत्येक वेळी पुढील वर्षी नवी उभारणी कोसळली.

मिडअमेरिकनने २००४ मध्ये वायव्य आयोवात बांधणीस आरंभ केला. २०१६ मध्ये मंजूर झालेला तिचा एकच प्रकल्प २००० मेगावॉटचा व ३.६ अब्ज डॉलरचा होता. २०२० पासून राज्यातील निम्म्याहून अधिक वीजनिर्मिती वाऱ्यापासून होत आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने या पद्धतीत एक धोका आहे. कंपनीचा नफा गुंतविलेल्या भांडवलावर मोजला जात असल्याने अधिक बांधण्याकडे तिचा कल असणे स्वाभाविक आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडील उत्पन्नाचा वाटा प्रकल्पांची पुस्तकी किंमत कमी करण्यासाठी वापरण्याची अट घालून यावर काहीसा अंकुश ठेवण्यात आला. १९९८ ते २०१३ या काळात कंपनीचे विजेचे मूळ दर वाढले नाहीत, ही बाब तिच्या बाजूने नोंदवावी लागेल. मात्र ‘शंभर टक्के अपारंपरिक वीज’ हे तिचे उद्दिष्ट सावधपणे वाचले पाहिजे. तो हिशेब वर्षाचा आहे, तासाचा नव्हे. वारा पडलेल्या उन्हाळी दुपारी कोळसा व इतर स्रोतच भार उचलतात. कौन्सिल ब्लफ्स येथील कोळसा केंद्राचा चौथा संच तर पवनप्रकल्प सुरू झाल्यानंतर, २००७ मध्ये कार्यान्वित झाला.

जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मनोरा आणि रस्ता मिळून थोडीच जागा व्यापली जाते, उरलेल्या शेतात मका व सोयाबीन पिकतच राहते आणि शेतकऱ्याला दरवर्षी भाडे मिळते. ज्याच्या बांधापलीकडे पवनचक्की आहे त्याच्या वाट्याला मात्र आवाज, फिरत्या पात्यांची सावली आणि रात्री लुकलुकणारे तांबडे दिवे येतात, भाडे नाही. मॅडिसन काउंटीने २०२० मध्ये नव्या पवनचक्क्यांवर कडक निर्बंध घातले, त्यामागे अशा शेजाऱ्यांचा असंतोष होता.

२०१७ च्या सुमारास कंपनीने आपल्या जुन्या यंत्रांचे नूतनीकरण हाती घेतले. मनोरा व पाया तोच ठेवून लांब पाती आणि नवी यंत्रणा बसविली की निर्मिती वाढते आणि करसवलतीची दहा वर्षेही नव्याने सुरू होतात. उतरविलेल्या पात्यांचे काय करावे, याचे उत्तर सोपे नाही. काचतंतू व राळ यांचे मिश्रण वितळवून पुन्हा वापरता येत नाही. अनेक पाती वायोमिंगमधील कॅस्पर येथील कचराभूमीत पुरण्यात आली. जुलै २०२५ च्या कायद्याने ही करसवलतही आखडली. ४ जुलै २०२६ नंतर बांधकाम सुरू होणारे पवनप्रकल्प २०२७ अखेर कार्यान्वित झाले तरच तिला पात्र ठरतात.