सुटे कुसू
सुटे कुसू : लाकडाच्या दोन भागांत समोरासमोर खाचा पाडून त्यांत बसविलेला जोडणीचा स्वतंत्र चपटा तुकडा. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या उलुबुरुन जहाजाच्या फळ्या अशाच तुकड्यांनी जोडलेल्या होत्या. खाचांची जागा मार्गदर्शक पट्टीने ठरवितात. ती दोन्ही भागांच्या दर्शनी बाजूसच टेकवावी लागते. २० मिमी. जाडीच्या फळ्यांत खाचेचा मध्य १० ऐवजी १०·५ मिमी. अंतरावर आला, तरी चूक दोन्हींत एकाच दिशेने झाल्याने पृष्ठभाग समपातळीत राहतो. एका फळीवर पट्टी मागील बाजूस टेकविल्यास मात्र १ मिमी.ची पायरी पडते. फळ्या सांध्याच्या रेषेत किंचित सरकवून जुळविता याव्यात म्हणून एक खाच नेमकी ठेवून इतर थोड्या लांब पाडतात.