धान्यकोठारातले फौजी रेडिओ

महायुद्ध संपल्यावर फौजेचा उरलेला माल खपवायला अमेरिकेत १९४६ साली ‘वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन’ नावाचं खातंच उघडलं गेलं. कारखान्यांपासून रेडिओंपर्यंत सगळं विक्रीला. हौशी रेडिओवाल्यांना १९४५च्या नोव्हेंबरपासून पुन्हा प्रक्षेपणाची मुभा मिळाली होती. त्यांची तर चंगळ झाली. शेतकऱ्यांना घर आणि गोठा तारेनं जोडायला ईई-८ हा हँडल फिरवून घंटी वाजवायचा फौजी टेलिफोनही सोयीचा होता. अशा वाटांनी हा माल फार्मवर पोचला आणि ओस पडलेल्या धान्यकोठारांत अजून सापडतो.

ओळख पटवायची तर आधी पाटी वाचायची. जुन्या पाटीवर ‘बीसी’ असतं; तो संचातल्या एका पेटीचा क्रमांक. पूर्ण संच ‘एससीआर’. म्हणून हातात धरायचा तोच रेडिओ एकाकडून बीसी-६११ म्हणून कळतो, दुसऱ्याकडून एससीआर-५३६ म्हणून, आणि दोघेही बरोबर असतात. १९४३पासून आर्मी-नेव्हीची सामाईक पद्धत आली आणि काम सोपं झालं. एएन/पीआरसी-१०मधला पी म्हणजे माणसानं वाहून न्यायचा, आर म्हणजे रेडिओ, सी म्हणजे संभाषणासाठी. पहिलं अक्षर ए असेल तर यंत्र विमानातलं, व्ही असेल तर गाडीतलं.

पुढच्या काळात या पाट्यांची दैना झाली ती हौशी मंडळींमुळे. विमानाच्या २८ व्होल्टवर चालणारा डायनामोटर (व्होल्टेज वाढवणारं फिरतं यंत्र) काढायचा, घरच्या विजेचा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, नवी भोकं पाडायची, वर राखाडी रंग फासायचा. रेडिओ ऐकू येऊ लागला, पण ओळख बुजली. माझ्या मते आज गंजापेक्षा हा रंगच जास्त नडतो. मग व्हॉल्व्ह बघावे लागतात. युद्धातल्या व्हॉल्व्हवर व्हीटी क्रमांक मिळतो (६एसएन७ म्हणजे व्हीटी-२३१), नंतरच्यांवर ‘जॅन’चा (जॉइंट आर्मी-नेव्ही) छाप. अर्थात व्हॉल्व्ह बदलता येतात, त्यामुळे एकट्या व्हॉल्व्हवर विसंबू नये. भांडार क्रमांक टिकला असेल तर तो मोजावा: अकरा आकडे असतील तर तो १९७४च्या आधीच्या पद्धतीचा, तेरा असतील तर नंतरचा.

ओळख पटवताना धोकाही ध्यानात ठेवावा. विमानातल्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असे. आता तो चमकत नाही, कारण सोबतचा प्रकाश देणारा पदार्थ थकला. रेडियमचं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचं. असा रंग खरवडू नये. बीसी-९६६ ही आपलं-परकं विमान ओळखणारी पेटी. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिला स्वतःच्या नाशासाठी स्फोटक लावत. पाटीवर हा क्रमांक दिसला, तर स्फोटक कधीच काढलं असेल असं धरून चालू नये. पेटी न हलवता बॉम्बपथकाला कळवावं.