कचऱ्याचें खत आणि त्यांतील हवा

वीस वर्षांपूर्वीं शाळेच्या आवारांत मुलांकरवीं मीं एक खतखड्डा करविला. पालापाचोळा, भाज्यांचे देठ, उष्टें-खरकटें त्यांत घातलें, मुलांनीं तें तुडवून घट्ट बसविलें, आणि वर दररोज चार घागरी पाणी ओतण्याचा नेम ठेविला. पंधरा दिवसांत अशी दुर्गंधी सुटली कीं, वर्गांच्या खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. खड्डा बुजविण्यांत आला. चूक माझीच, परंतु ती कोणती, हें पुढें इंदूर पद्धतीविषयीं वाचतांना कळलें.

ही पद्धति १९२४ ते १९३१ या काळांत इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' या संस्थेंत सिद्ध झाली. आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. (हॉवर्डांचें नांव जगभर झालें, वाडांचें आपल्याकडेही फारसें कोणी घेत नाहीं, याचें मला वाईट वाटतें.) कापसाच्या पऱ्हाट्या सहजासहजीं कुजत नाहींत, म्हणून त्या गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चिरडवून घेत. मग काडीकचऱ्याचा सुमारें सहा इंचांचा थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर गोमूत्रानें भिजलेली गोठ्यांतली माती व राख, असे थर रचीत. खड्डा उथळच ठेवीत, कारण तळापर्यंत वारा पोंचला पाहिजे.

वारा हेंच यांतलें मर्म. कचरा कुजवितात ते सूक्ष्म जंतु. वाळक्या पाल्यांतील कर्ब हें त्यांचें सरपण. शेणांतील नत्र त्यांच्या अंगीं लागतें. नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारें तीस भाग असले आणि हवा खेळती राहिली, म्हणजे ढीग आंतून साठ अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापतो. त्या उष्णतेनें माशांच्या अळ्या व बहुतेक रोगजंतु मरतात. हवा कोंडली कीं दुसऱ्याच जातीचे जंतु माजतात व घाण सुटते. आम्हीं तर तुडवून आणि पाणी ओतून हवाच हांकलून दिली होती! ओल हवी ती पिळलेल्या फडक्याइतकीच. मधून मधून ढीग खालींवर केला कीं सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येतें.

१९३४ सालीं जॅक्सन व वाड यांनीं हीच पद्धति वस्तींतील केरकचऱ्यास व मैल्यास लावली. परंतु त्या केरांत प्लॅस्टिकच्या पिशव्या नव्हत्या. आजच्या टोपलींत त्या असतात, शिवाय बॅटरीचे सेलही. सेलांतील जड धातु कुजत नाहींत. ते खतांतून मातींत उतरतात. गाडींत सारें एकदां कालवलें गेलें, म्हणजे फुटक्या काचेचा कण न् कण वेचणें कोणत्याही यंत्रास पुरतें साधत नाहीं. २०१६ सालच्या केंद्रीय नियमांनीं कचरा घरींच निराळा करण्याचें बंधन घातलें, तें याचसाठीं.

माझ्या गॅलरींत एक जुनी बादली आहे. तिला सर्व बाजूंनीं भोंकें पाडलीं आहेत. भाजीच्या सालींवर मी दरवेळीं तितकाच वाळका पाला पसरतों. वास आलाच, तर पाला थोडा वाढवितों आणि काठीनें ढवळतों.