मागून हॉर्न न वाजणारी वाट

कॉलेजात असताना मी रोज मिरजेहून सांगलीला सायकलनं जात असे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एका संध्याकाळी परत येताना मागून आलेल्या ट्रकचा हँडलला नुसता धक्का लागला. मी रस्त्याकडेच्या चरीत पडलो म्हणून वाचलो. सायकल चाकाखाली गेली. कोपर तीन महिन्यांत बरं झालं, पण कान काही बरे झाले नाहीत. सायकलवर बसलो की सगळं लक्ष मागून काय येतंय तिकडेच. शेवटी सायकल सुटली ती सुटलीच.

त्यामुळे 2023च्या जुलैत, सिएटलला राहणाऱ्या भाच्यानं "मामू, चला, तुम्हाला सायकलवर बसवतो" म्हटलं, तेव्हा मी गुडघ्याचं कारण पुढं केलं. तो हसला. म्हणाला, "तिथं मोटारी येत नाहीत. आणि चढही नाही." मोटारी नाहीत हे समजलं. पण डोंगरात चढ नाही, ते कसं काय?

त्या वाटेचं नाव 'रूट ऑफ द हायवाथा'. अमेरिकेच्या वायव्येला आयडाहो आणि मोंटाना या राज्यांच्या सीमेवर बिटररूट नावाची डोंगररांग आहे. देवदाराच्या जातीच्या उंच झाडांनी भरलेली. त्या रांगेतल्या एका खोऱ्याच्या कुशीतून ही बारीक खडीची वाट 24 किलोमीटर जाते. वाटेत 10 बोगदे आणि खोल दऱ्यांवरचे 7 पोलादी पूल. एका सायकलच्या वाटेसाठी एवढा खर्च कोण करील? कुणीच केलेला नाही. ही मुळात आगगाडीची वाट आहे.

शिकागोहून निघालेली मिलवॉकी रोड ही रेल्वे कंपनी पॅसिफिक महासागर गाठायला निघाली आणि 1909 साली तिनं हा मार्ग पुरा केला. आता आगगाडीची एक अडचण बघा. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणानं चालतं, म्हणून तर एक इंजिन एवढे डबे ओढतं. पण त्याच कारणानं चढावर ते घसरतं. आपल्या बोरघाटात 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे, तर कर्जतला गाडीच्या मागं जादा इंजिनं लावावी लागतात. बिटररूटमध्ये अभियंत्यांनी चढ 100 फुटांमागे दोन फुटांच्याही आत ठेवला. तो ठेवायचा म्हणजे डोंगर सरळ चढता येत नाही. वळसे घालावे लागतात, आडवा आलेला कडा फोडावा लागतो, ओढ्यावर पूल टाकावा लागतो. इथं तर रूळ खोऱ्याला इतका मोठा वळसा घालतात, की आपण एका पुलावर उभे असतो आणि समोरच्या डोंगरावर, झाडांच्या वर, पुढचा पूल दिसत असतो.

आगगाडीची ती दुबळी बाजू आज सायकलवाल्याच्या पथ्यावर पडली आहे. वरून निघालं की 24 किलोमीटरमध्ये माणूस सुमारे 1 हजार फूट खाली येतो, आणि तेही इतकं हळूहळू की ब्रेकवर बोट नुसतं टेकवून ठेवायचं. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांची तक्रार नाही. भाच्याची नऊ वर्षांची मुलगी पुढं होती. बापाचं ऐकून तीही मला मामूच म्हणते.

खडीबद्दलही थोडं सांगायला हवं. खडीवर सायकल म्हटलं की आपल्याकडे अंगावर काटा येतो, कारण आपली खडी म्हणजे डांबराची वाट बघत पडलेली खडी. रुळांखालची खडीही तशीच, मोठी आणि मोकळी. तिच्यावर चाक ठरत नाही. सायकलची वाट करताना वर बारीक फोडलेला दगड आणि त्याचा कच मिसळून पसरतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात. फोडलेल्या दगडाला कंगोरे असतात. ते एकमेकांत अडकतात आणि मधल्या फटी कचानं भरतात. नदीतला गुळगुळीत गोटा कितीही दाबला तरी चाकाखालून निसटतो. बाकी काम पाण्याच्या निचऱ्याचं, ते नीट असलं की वाट वर्षानुवर्षं टिकते. चाकाखाली सतत एक करकर ऐकू येते. मला तो आवाज आवडला.

पण सुरुवातच मोठ्या बोगद्यानं होते. सेंट पॉल पास बोगदा: लांबी 8,771 फूट, म्हणजे सुमारे 2.7 किलोमीटर. आत दिवे नाहीत. हेल्मेट आणि सायकलचा दिवा सक्तीचा. भर जुलैत आत थंडीनं बोटं आखडतात, छतातून पाणी ठिबकतं, दोन्ही बाजूंच्या गटारांतून ते वाहत असतं. तिकडचं तोंड आधी टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि बराच वेळ तेवढंच राहतं. मध्यावर कुठंतरी मागून घंटी वाजली. मी दचकून पाय टेकले आणि भिंतीशी जाऊन उभा राहिलो. "मामू, मीच आहे," ती पोरगी म्हणाली. फोटोसाठी मागं थांबली होती.

या अंधाराचा एक जुना उपकार आहे. 20 आणि 21 ऑगस्ट 1910 या दोन दिवसांत या डोंगरांत वणव्यानं सुमारे 30 लाख एकर जंगल खाल्लं. किमान 85 माणसं गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली. रेल्वेच्या माणसांनी मजूर आणि बायकापोरं गाडीत भरली आणि गाडी बोगद्यात नेऊन उभी केली. ते लोक वाचले. रांगेच्या पलीकडं वॉलेस गावाजवळ एड पुलास्की नावाच्या वनरक्षकानं आपल्या चाळीसेक माणसांना खाणीच्या बोगद्यात घातलं आणि बाहेर पळेल त्याला गोळी घालीन म्हणून तोंडाशी उभा राहिला. पाच-सहा दगावले, बाकीचे सकाळी बाहेर आले. मोठा बोगदा खणणाऱ्या मजुरांची वस्ती टॅफ्ट मात्र जळून गेली. आज ते नाव महामार्गावरच्या एका फाट्यापुरतं उरलं आहे.

रेल्वेचं पुढं काय झालं, ती जरा हसू येण्यासारखी गोष्ट आहे. कंपनीनं 1915 ते 1917 या काळात इथं विजेवर गाड्या चालवायला सुरुवात केली. उतरणाऱ्या गाडीचं इंजिन वीज तयार करून तारेत परत सोडी आणि ती चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. असली व्यवस्था 1974 साली बंद केली, तांब्याच्या तारा विकल्या आणि गाड्या डिझेलवर नेल्या. तेलाचे भाव भडकले होते नेमके तेव्हा. 1977मध्ये दिवाळं निघालं आणि 1980 साली हा मार्ग बंद झाला.

बंद पडलेला रेल्वेमार्ग फार दिवस राहत नाही. रूळ जातात, मग पुलांचं पोलाद भंगारात, मग जमीन तुकड्यातुकड्यांनी. एक पूल गेला की वाट तुटली. बोरघाटात 1929 साली सोडून दिलेल्या जुन्या मार्गाचे अवशेष खंडाळ्याजवळ मी पाहिले आहेत, म्हणून हे जाणवलं. इथं वनखातं आणि आसपासच्या गावांतले लोक मागं लागले, म्हणून पूल राहिले. 1998 साली वाट खुली झाली, मोठा बोगदा 2001 साली. उन्हाळ्याचे चारेक महिने ती चालू असते. तिकीट लागतं, आणि ते रास्तच आहे. कठडे आणि बोगदे फुकट सांभाळले जात नाहीत.

नाव मात्र उसनं. हायवाथा हा दूर पूर्वेकडचा इरोक्वाय पुढारी. लाँगफेलो या कवीनं 1855 साली त्याचं नाव ओजिब्वे लोकांच्या कथानायकाला चिकटवलं, ते काव्य गाजलं, रेल्वेनं आपल्या गाड्यांना ते नाव दिलं आणि गाड्यांचं नाव वाटेला आलं. या खोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. कवीच्या चुका फार लांबवर जातात.

केली ओढ्यावरचा पूल 230 फूट उंच आहे. त्याच्या मध्यावर मी उतरलो. खाली झाडांचे शेंडे आणि त्यांच्याही खालून ओढ्याचा आवाज. दहा मिनिटं उभा होतो. बोगद्यातल्या त्या घंटीनंतर मी मागं वळून पाहिलंच नव्हतं, हे तिथं लक्षात आलं.

वाट संपते तिथं बस उभी असते, सायकलींसकट माणसांना वर नेणारी. ती बोगद्याच्या अलीकडंच सोडते, म्हणजे मोठा बोगदा परतीला पुन्हा सायकलवरच पार करायचा. मुलीनं दिवा लावला आणि म्हणाली, "मामू, आता तुम्ही पुढं."