परसातला कडा

मूल पायावर उभे राहिले की त्याला पहिली ओढ लागते ती चढण्याची. खुर्ची, खिडकीचे गज आणि मग पेरूचे झाड, हा त्याचा ठरलेला क्रम. आमच्या लहानपणी बेळगावच्या घरांना प्रशस्त परसे होती आणि त्यांत एखादा तरी आंबा वा फणस उभा असे. आता परसे आक्रसली, झाडे गेली. ओढ मात्र तशीच आहे. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी, सात वर्षांचा नातू सुटीत येणार असे कळताच, परसातल्या झोपाळ्याच्या चौकटीला जोडून चढण्याची एक भिंत उभारण्याचे आम्ही योजिले.

ही कल्पना आपणांस परकी नाही. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब हीदेखील चढण्याचीच विद्या. टोकियो येथे 2021 साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत भिंत चढण्याच्या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. तेथील वेगाच्या शर्यतीची भिंत 15 मीटर उंच असते. आम्हांस 6 फूट पुरेशी होती.

सुताराने सागवानी चौकट करून तीवर 18 मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवुड बसविले. आमच्याकडच्या पावसात फळीच्या कडा प्रथम फुगतात, म्हणून कापलेल्या कडांना व प्रत्येक छिद्राला तेलरंग दिला. भिंतीचा माथा किंचित मागे कलता ठेवला. त्यामुळे मुलाचा भार हातांपेक्षा पायांवर अधिक येतो. पकडीसाठी फणसाच्या लाकडाचे मूठभर तुकडे घेऊन त्यांचे कोपरे गोल केले व पॉलिश कागदाने घासले. प्रत्येक तुकड्यातून 10 मिलिमीटरचा बोल्ट आरपार घालून मागे रुंद वायसर व नट लावला. एकाच बोल्टवर तुकडा फिरतो, म्हणून शेजारी एक लहान स्क्रूही मारला. सर्वांत खालची पकड मुद्दाम उंच ठेवली. ज्या बालकाचा पाय तिथवर पोचत नाही, त्याची चढण्याची वेळ आलेली नाही, असे समजावे. त्याला उचलून वर ठेवू नये.

भिंत उत्तम झाली. चूक झाली ती भिंतीखाली, आणि ती सर्वस्वी आमची. खाली शहाबादी फरशी होती; तीवर जुनी सतरंजी दुहेरी अंथरून आम्ही निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी चार फुटांवरून नातवाचा हात सुटला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सारी सुटी प्लास्टरमध्ये गेली. आमची मुलगी आम्हांस एका शब्दाने बोलली नाही. तीस वर्षे विद्यार्थ्यांना 'आधी पाया, मग इमारत' असे शिकविणाऱ्या आम्हांस ते मौन फार जड गेले.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही ती फरशी उखडली. भिंतीच्या पुढे व दोन्ही अंगांना 6 फूट जागा मोकळी करून, तळाला पाणी निचरण्यासाठी खडी घातली व वर एक फूट वाळू भरली. वापराने वाळू पांगते. ती 9 इंचांच्या खाली जाऊ देऊ नये. पावसाने ती घट्ट बसते, म्हणून फावड्याने मधूनमधून हलवावी लागते. नुसती माती किंवा हिरवळही पुरेशी नव्हे, तुडवून तीही दगडासारखी होते. दर महिन्यास बोल्ट आवळावेत, आणि चढणाऱ्याच्या गळ्यात ओढणी, माळ वा दोरी असू नये.

गेल्या मे महिन्यात नातू पुन्हा आला. दोन दिवस तो वाळूत किल्ले करीत बसला. भिंतीकडे त्याने पाहिलेही नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही. तिसऱ्या सकाळी तो दुसऱ्या पकडीपर्यंत चढला, तेथून मुद्दाम वाळूत उडी मारली, उठून गुडघे झाडले आणि म्हणाला, "आजोबा, आता लागत नाही." मग माथ्यापर्यंत गेला. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी होती. "पुरे" असे ती म्हणाली नाही.